चित्राच्या मागच्या कोपऱ्यात

धुण्याच्या कपड्यांची यादी आपण सगळ्याजणी कधी ना कधी करतोच. परटाकडे किती गेले, किती परत आले, उशीचा तो एक अभ्रा नेमका कुठं राहिला... अशाच एका यादीतून छपाईची एक नवी तऱ्हा जन्माला आली, असं कुणी सांगितलं तर खरं वाटेल का? पण तसं झालंय खरं.

गोष्ट 1796 सालची. जर्मनीतल्या म्युनिक शहरात आलोइस झेनेफेल्डर नावाचा एक तरुण राहायचा. नाटकं लिहायचा; पण ती छापून घ्यायला खिशात पैसे नाहीत, म्हणून स्वस्तात छापायची काहीतरी खटपट घरीच चाललेली. एक दिवस धोबीण येऊन खोळंबली आणि आईनं त्याला कपडे लिहून द्यायला सांगितलं. घरात कागदाचा कपटा नाही, दौतीतली शाई वाळून गेलेली. मग यानं काय करावं? मेण, साबण आणि काजळी यांची शाई त्यानं प्रयोगासाठी करून ठेवली होती. त्या शाईनं जवळच्या घासलेल्या दगडावरच यादी लिहून टाकली! पुढं त्या यादीनंच त्याच्या डोक्यात चक्र फिरलं, आणि दोन वर्षांत दगडावरून छापायची कला तयार झाली. इंग्रजीत तिला लिथोग्राफी म्हणतात. आपल्याकडं जुनी माणसं तिला शिळाप्रेस म्हणायची.

यातली युक्ती आपल्या ओट्यावरची आहे. तेलाचा हात फरशीला लागला की त्यावर पाणी ठरत नाही, घरंगळून जातं. तेवढंच तत्त्व. चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा, म्हणजे आपल्या शहाबादी फरशीच्या कुळातलाच. त्यावर तेलकट कांडीनं चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा आणि तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, चित्राच्या रेघांवर मात्र बरोबर बसते. वर कागद ठेवून दाबला की चित्र उमटलं. एका दगडावरून शेकडो प्रती.

एवढ्यानं काय बिघडलं किंवा सुधारलं, असं तुम्ही म्हणाल. त्याआधी बारीक कामाचं चित्र छापायचं तर बहुतेक वेळा तांब्याच्या पत्र्यावर कोरावं लागे. चित्रकार काढणार, दुसराच कारागीर दिवसेंदिवस कोरत बसणार. एवढा खर्च सगळ्यांना परवडणारा नव्हता. दगडावर मात्र चित्रकार स्वतःच कांडी घेऊन बसला. कागदावर काढावं तसं झरझर काढू लागला. चित्रं स्वस्त झाली, दुकानांच्या काचांमागं टांगली गेली, साध्या घरांच्या भिंतींवर आली. आणि चित्रं साध्या घरांत आली तशी साधी माणसंही चित्रांत आली.

लढाई संपल्यावरची चित्रं

याचा सगळ्यात मोठा बहर आला फ्रान्समध्ये. 1815 साली वॉटर्लूला नेपोलियन कायमचा हरला. वीसेक वर्षं चाललेल्या लढायांतून वाचलेले शिपाई घरोघर परतले. कुणाला पाय नाही, कुणाला डोळा नाही, नव्या राजवटीत विचारणारं कुणी नाही. त्या काळातल्या चित्रकारांनी दगडावर हीच माणसं उतरवली. जेरिको नावाच्या चित्रकाराचं 1818 सालचं एक चित्र आहे, रशियाहून परतणाऱ्या सैनिकांचं. बर्फातून एक घोडा चाललाय. घोड्यावरच्या शिपायाच्या डोळ्यांवर पट्टी, हात गळ्यात बांधलेला. लगाम धरून पायी चालणाऱ्याचा एक हातच तुटलेला. एकाला दिसत नाही म्हणून दुसरा वाट दाखवतो. तलवार नाही, झेंडा नाही, जयजयकार तर नाहीच.

शार्ले नावाचा दुसरा चित्रकार. त्याचा बाप शिपाई होता. त्यानं हजाराच्या वर अशी दगडी चित्रं काढली. त्यात म्हातारे शिपाई आहेत, लहान पोरं आहेत, गुत्ते आहेत, रस्ते आहेत. आणि या काळातल्या अशा चित्रांत एक बाई पुन्हा पुन्हा भेटते. घाघऱ्यावर लष्करी कोट, कमरेला दारूचं छोटं पिंप. फ्रेंच पलटणींत अशा बाया रीतसर असायच्या. बहुतेक पलटणीतल्याच कुणा शिपायाच्या बायका. जेवण रांधायचं, कपडे धुवायचे, दारू-तंबाखू विकायची, जखमीला पाणी पाजायचं. पलटण निघाली की गाडीत चूल, भांडी आणि लेकरं घालून निघायचं.

ही चित्रं पाहता पाहता मला एक सवय लागली. आधी चित्राचा मागचा कोपरा बघायची. समोर मिशीवाला शिपाई असतोच. तो कुठं पळून जात नाही. मागं धूर कुठून येतोय, दोरीवर काय वाळत घातलंय, घोड्याच्या आडोशाला कोण बसलंय, ते आधी बघायचं. खरी छावणी तिथं असते.

आपल्याकडचा दगड

ही शिळाप्रेस आपल्याकडंही लवकरच आली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली आपला छापखाना काढला. 1841 सालचं त्यांचं छापील पंचांग प्रसिद्ध आहे. त्या काळी छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील पोथीला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी मग चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असं सांगतात. म्हणजे जर्मनीत धुणं आणि मुंबईत तूप. हा दगड काही घरातून बाहेर पडायला तयार नाही! पुढं 1878 साली पुण्यात चित्रशाळा निघाली आणि देवांच्या, पेशव्यांच्या, वीरांच्या रंगीत तसबिरी महाराष्ट्रभर घराघरांत लागल्या. पण त्यात समोरच्या माणसालाच जागा होती. मागचा कोपरा गुळगुळीत, रिकामा.

मग मराठी छावणीचा मागचा कोपरा कुठं सापडायचा? तो सापडतो दोन परक्यांच्या पुस्तकांत. आणि दोन्हीकडं माणसं भेटतात ती शिंद्यांची.

शिंदे म्हटलं की बीडकरांनी कान टवकारायला हरकत नाही. महादजी शिंद्यांचे गुरू मन्सूरशहा हे बीडचे. पानिपतानंतर महादजींचा पत्ता लागेना, तेव्हा ते परत येतील असं मन्सूरशहांनी त्यांच्या घरच्या बाईंना सांगितलं आणि ते परतले, अशी कथा आहे. बिंदुसरेच्या काठच्या या आपल्या गावात मन्सूरशहांची कबर आहे, आणि तिकडं ग्वाल्हेरला शिंद्यांच्या घराण्यानं त्यांचं नाव जपलं. तेव्हा ही छावणी काही परक्यांची नव्हे.

पांढरं निशाण आणि पाल

1809 साली महादजींचे वारस दौलतराव शिंदे राजपुतान्यात मुक्काम करत फिरत होते. इंग्रज वकिलाच्या रक्षणाला असलेला ब्रॉटन नावाचा अधिकारी त्यांच्यासोबत होता. तो भावाला पत्रं लिहायचा. ती पत्रं 1813 साली लंडनमध्ये पुस्तक होऊन निघाली, आत एका देशी चित्रकारानं काढलेली छावणीची रंगीत चित्रं. ती दगडावरची नव्हेत, पत्र्यावर कोरलेली. पण नजर मात्र तीच, रोजच्या जगण्याची.

ब्रॉटन सांगतो ते वाचताना मला आपल्या जत्रा आठवल्या. मुक्काम हलायचा तर बिनीवाला पुढं जायचा. सरकारी डेऱ्यांच्या जागी तो छोटं पांढरं निशाण रोवायचा. मग त्या निशाणाभोवती बाजारपेठांची निशाणं. प्रत्येक दुकानदाराची जागा ठरलेली. कालच्या मुक्कामावर ज्याच्या शेजारी वाणी होता, त्याच्या शेजारी आजही वाणीच. गाव रोज उठायचं आणि रोज तसंच्या तसं बसायचं. साध्या शिपायांचे तंबू कसले? काठ्यांवर टाकलेली पालं. त्यात माणूस, बायको, लेकरं, भांडी सगळं एकत्र.

आता विचार करा, हे गाव रोज उठवत आणि बसवत कोण होतं? बिनीवाल्यानं निशाण रोवलं की त्याचं काम संपलं. त्यानंतर चुलीला तीन दगड शोधायचे, पाणी कुठं आहे ते बघायचं, शेण-काटक्या गोळा करायच्या, लेकरू पाठीला बांधून दळायला बसायचं. हे काही दौलतराव करत नव्हते.

याच पत्रांत एका मुलीची हकीगत आहे. ती पुरुषाच्या वेशात, जोरावरसिंग अशा नावानं शिंद्यांच्या पलटणीत शिपाई म्हणून चाकरी करत होती. कशासाठी? तर भाऊ कर्जापायी भोपाळात कैदेत होता. पगार साठवून त्याला सोडवायचं होतं. ती बाई आहे हे उघडकीला आलं तरी छावणीनं तिची अब्रू राखली, तिला मान दिला. शूरपणाची हौस म्हणून नव्हे, घरचं कर्ज फेडायला तिनं बंदूक उचलली होती. कर्जासाठी घर सोडणं ही गोष्ट बीड जिल्ह्यातल्या बाईला वेगळी समजावून सांगायला नको.

दोघी बोलल्या त्या गोष्टी

दुसरं पुस्तक एका बाईचं, आणि त्यातली चित्रं मात्र खरोखर दगडावरची. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई 1822 साली कंपनी सरकारातल्या नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात आली. तिची बरीच वर्षं अलाहाबादेत गेली. ती हिंदुस्थानी बोलायला शिकली, सतार शिकली, घोड्यावरून आणि नावेतून फिरली, वहीत चित्रं काढत राहिली. 1850 साली तिचं दोन भागांतलं प्रवासवर्णन निघालं. त्याच्या सुरुवातीला चित्र कुणाचं असावं? आपल्या गणपतीबाप्पाचं! परदेशी बाईनं लंडनमध्ये पुस्तक छापताना आधी गणेशाला नमस्कार केला.

या फॅनीची 1835 साली फतेगडला बायजाबाई शिंद्यांशी गाठ पडली. बायजाबाई कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतरावांची पत्नी. असईच्या लढाईत त्या स्वतः घोड्यावर होत्या असं सांगतात. असई म्हणजे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं गाव, लढाई 1803 सालची. दौलतराव 1827 साली गेल्यावर बायजाबाईंनी सहा वर्षं ग्वाल्हेरचा कारभार चालवला. 1833 साली दत्तक मुलानं त्यांना बाहेर काढलं. फॅनी भेटली तेव्हा ही एकेकाळची राज्यकर्ती आपल्या माणसांसह तंबूंत राहत होती.

फॅनी त्या तंबूत शत्रूचं बळ मोजायला गेली नव्हती, गप्पा मारायला गेली होती. त्यामुळं तिला दिसलं ते ब्रॉटनला दिसणं शक्यच नव्हतं. जनानखान्यातलं बोलणं तिच्या कानावर आलं. मराठा स्त्रिया घोड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसत. नऊवारी त्यासाठीच तर सोयीची. इंग्रज बायका एकाच बाजूला पाय सोडून तिरक्या बसत. ते बघून या सगळ्यांना हसू आलं. मग फॅनीनं सरळ मराठी वेश केला आणि यांच्यासारखी घोड्यावर बसली. बरंच सोयीचं वाटलं म्हणे तिला!

पण हसण्यापुढं त्यांचं बोलणं गेलं. विधवेच्या वाट्याला काय येतं ते बायजाबाईंनी सांगितलं. आणि फॅनीनंही मान्य केलं, की आमच्याकडं लग्न झालेली बाई कायद्यानं नवऱ्याची गुलामच असते, तिची दाद लागत नाही. त्या काळी लग्न झालं की बहुतेक इंग्रज बायकांची मालमत्ता नवऱ्याची होई. तो कायदा बदलायला 1870 आणि 1882 साल उजाडावं लागलं. आपल्याकडं महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला बरोबरीचा हिस्सा आला तो 1994 साली, आणि देशभर 2005 साली. तंबूतल्या त्या दोघींना हे काहीच माहीत नव्हतं. एक राज्य गमावलेली, दुसरी राज्य करणाऱ्यांच्या बाजूची. तरी दोघींची गाऱ्हाणी एकाच जातीची निघाली.

दोष द्यायला तेवढ्या बाया

आता जरा आपल्या इतिहासाच्या पुस्तकांकडं वळू. तिथं छावणीतल्या बाया येतात, पण केव्हा? हार झाली की!

पानिपत घ्या. फौजेबरोबर बायका-बुणगे नेले म्हणून घात झाला, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय. लढाईआधी दोन-अडीच महिने अन्नाची वाट तुटली होती, माणसं आणि जनावरं उपाशी होती, हे त्यानंतर सांगितलं जातं. कधी सांगितलंही जात नाही. खर्डा घ्या. आपल्या पाटोदा-आष्टीच्या शिवेपलीकडं, जामखेड तालुक्यात. मार्च 1795 मध्ये निजाम तिथं मराठ्यांकडून हरला. एवढी मोठी फौज रातोरात खर्ड्याच्या किल्ल्यात का शिरली? तर म्हणे बेगमेनं भिऊन हट्ट धरला. हजारो शिपाई, तोफा, सरदार, सल्लागार... आणि खापर फुटलं एका बाईच्या डोक्यावर!

लिहिणाऱ्याला कारण हवं असतं. चित्र काढणाऱ्याला मात्र समोर आहे ते काढावं लागतं. म्हणूनच मला ही चित्रं मोलाची वाटतात. लिखाणातली बाई रडते, हट्ट धरते, अडचण होते. चित्रातली बाई चुलीपाशी वाकलेली असते, पाणी आणत असते, घोड्याला दाणा घालत असते. ती काही म्हणत नाही; पण ती नसती तर समोरचा मिशीवाला शिपाई उभा राहिला नसता, हे बघणाऱ्याला कळतं.

आपल्या भागानं तर छावण्या किती पाहिल्या! निजामाच्या काळात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं आणि तिथं घोडदळाचा तळ होता. जिथं घोडे, तिथं हरभरा भरडणारे हात आलेच. आणि लमाणांचे तांडे? बैलांच्या पाठीवर धान्य लादून ते फौजांना पुरवायचे, मोगलांना, मराठ्यांना, इंग्रजांनाही. लमाण बायका बैल हाकत, लेकरं सांभाळत त्याच वाटेनं चालायच्या. तांड्यावरच्या एखाद्या आजीचा काचा-कवड्यांचा जुना घागरा बघितला, की मला त्यात ही सगळी वाट दिसते.

आजचा तळ

आणि छावणी संपली कुठं? दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून ट्रॅक्टर आणि बैलगाड्या निघतात. वर पत्रे, बांबू, भांडी, पिठाचे डबे, शेळी, लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्याच्या आवारात कोप्या उभ्या राहतात. शार्लेनं किंवा त्या देशी चित्रकारानं आज ही पालं पाहिली असती, तर तो लगेच कांडी काढून बसला असता.

पहाटे तीनला उठून भाकरी थापणारी कोण? फडात नवरा ऊस तोडतो तेव्हा मोळ्या बांधणारी, डोक्यावर मोळी घेऊन गाडीपर्यंत चालणारी, वाढं विकून चार पैसे करणारी, परत येऊन पुन्हा चूल पेटवणारी कोण? आणि मुकादमाच्या वहीत तिची नोंद काय? नवरा-बायको मिळून "एक कोयता". उचल घेतली ती नवऱ्यानं, अंगठा किंवा सही त्याची, हिशेब त्याचा. ती मात्र त्या कोयत्याचा अर्धा भाग, तोही नाव नसलेला. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय विधिमंडळापर्यंत गेला, समिती नेमली गेली, तेव्हा कुठं सगळ्या राज्याचं तिकडं लक्ष वळलं. म्हणजे पुन्हा तेच. काम करते तोवर ती कुणाला दिसत नाही. काही विपरीत घडलं की मग तिची बातमी होते.

म्हणून मैत्रिणींनो, एक सुचवते. ब्रॉटनचं आणि फॅनीचं पुस्तक आता इतकं जुनं झालंय की ती सगळ्यांसाठी खुली आहेत. मुलाबाळांना सांगून मोबाईलवरही त्यातली चित्रं बघता येतील. पण तेवढ्यावर थांबू नका. घरातले जुने फोटो काढा. लग्नातले, शेतातले, जत्रेतले. समोर फेटा बांधून बसलेत त्यांची नावं सगळ्यांना पाठ असतील. मागं दारात अर्धी दिसणारी, पदर तोंडाशी धरलेली, कडेवर पोर घेतलेली कोण, ते घरातल्या थोरल्या बाईला विचारा. तिचं नाव फोटोच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून ठेवा. शेजारची कुणी ऊसतोडीला जात असेल, तर निघायच्या आधी तिचा एक फोटो काढा. नवऱ्याच्या आडोशाला उभी असलेली नको, हातात कोयता घेतलेली हवा. त्याच्याही मागं नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा.

झेनेफेल्डरच्या आईची धुण्याची यादी दगडावर उतरली म्हणून जगाला एक कला मिळाली. पण त्या गोष्टीत आईचं नाव सहसा कुणी सांगत नाही, आणि दारात खोळंबलेल्या धोबिणीचं तर नाहीच. आपल्या घरात तरी असं होऊ देऊ नये.